वाचकांचे प्रश्न : मालवाहतुकीचे नियम कोणत्या भाषेत लिहावेत?

मागील अंकात मालवाहतुकीच्या नियोजनावरील लेखात ‘नियंत्रित भाषा’ या पद्धतीचा ओझरता उल्लेख आला होता. शब्दसंग्रह आणि वाक्यांचे साचे आधीच ठरवून घेतलेली, त्यामुळे संगणकाला एकाच अर्थाने वाचता येणारी आणि तरीही नेहमीच्या वाक्यांसारखी दिसणारी भाषा, असा तिचा थोडक्यात अर्थ. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. गाव आणि व्यवसाय तेवढा दिला आहे.

प्रश्न : पिंपळगाव बसवंत येथे आमचे द्राक्षांचे पॅकहाऊस आहे. हंगामात येथून रीफर (शीतकरण यंत्र असलेले) कंटेनर न्हावा शेवा बंदराला जातात. कोणता माल कोणत्या कंटेनरमध्ये केव्हा भरायचा, याचे नियम सुपरवायझरने फळ्यावर तीन ओळींत लिहिले आहेत : ‘गरम माल भरू नये. आधी आलेली गाडी आधी भरावी. कटऑफ जवळ असेल तर ती आधी सोडावी.’ (कटऑफ म्हणजे कंटेनर बंदरात पोहोचवण्याची शेवटची वेळ.) आता नियोजनाचे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरत आहे आणि विक्रेता आमच्याकडे नियमांची यादी मागतो. फळ्यावरच्या या ओळी त्याला दिल्या तर काय बिघडेल?

उत्तर : या तीन ओळी ज्याने लिहिल्या त्याच्यापुरत्या त्या पूर्ण आहेत. उरलेला अर्थ त्याच्या डोक्यात आहे आणि तो चोवीस तास डॉकवर उभा असतो, म्हणून आजवर काही अडले नाही. सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याने या ओळी घेतल्या, तर उरलेला अर्थ त्याचा प्रोग्रामर आपल्या मनाने भरील, आणि तो काय भरला हे आपल्याला हंगामाच्या ऐन मध्यावर कळेल.

पहिली ओळ पाहू. रीफरचे यंत्र थंड माल थंड ठेवण्यासाठी बनवलेले असते, गरम माल थंड करण्याची ताकद त्याच्यात फारशी नसते. त्यामुळे प्री-कूलिंग (भरण्यापूर्वी माल थंड करणे) झाल्याशिवाय माल भरू नये, याबद्दल दुमत नाही. मात्र ‘गरम’ म्हणजे किती अंशांच्या वर, आणि कशाचे तापमान : खोलीचे, खोक्याच्या पृष्ठभागाचे की मण्याच्या गराचे? आणि ‘माल’ म्हणजे एक पॅलेट (एका फळीवर रचलेली खोकी) की संपूर्ण खेप? नियंत्रित भाषेत लिहिताना यांतील काहीच मोघम ठेवता येत नाही, कारण ‘माल’ आणि ‘गरम’ हे शब्दच कोशात नसतात. कोशात ‘खेप’, ‘पॅलेट’, ‘कंटेनर’, ‘गर-तापमान’ असे शब्द असतात आणि प्रत्येकाची व्याख्या दिलेली असते. मग तीच ओळ दोन प्रकारे लिहिता येते. (अंशांचा आकडा केवळ उदाहरणादाखल आहे.)

प्रत्येक खेपेबाबत : जर त्या खेपेतील किमान एका पॅलेटचे गर-तापमान २ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त असेल, तर ती खेप कंटेनरमध्ये भरण्यास मनाई आहे.

प्रत्येक पॅलेटबाबत : जर त्या पॅलेटचे गर-तापमान २ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त असेल, तर ते पॅलेट कंटेनरमध्ये भरण्यास मनाई आहे.

पहिल्या वाक्याप्रमाणे २० पॅलेटांच्या खेपेतील एक पॅलेट कोमट राहिले की सबंध कंटेनर थांबतो. दुसऱ्याप्रमाणे १९ पॅलेटे भरली जातात आणि एक मागे राहते. मग कंटेनर अर्धवट सोडायचा की त्या एकासाठी थांबायचे, असा नवा प्रश्न उभा राहतो आणि त्यासाठी वेगळा नियम लागतो. दोन्ही वाक्ये बरोबर मराठी आहेत आणि फळ्यावरच्या ओळीचा दोन्ही अर्थांनी अनुवाद होतो. कोणता अर्थ आपला, हे सुपरवायझरलाच विचारावे लागेल, आणि पुष्कळदा त्यालाही क्षणभर विचार करावा लागतो.

याहून लपलेली खोच पुढे आहे. समजा, एखाद्या पॅलेटचे तापमान मोजायचेच राहून गेले. माणूस म्हणेल, ‘मोजले नाही, मग कसे भरू?’ वरील दोन्ही वाक्ये मात्र फक्त इतकेच सांगतात की २ अंशांच्या वरची नोंद असेल तर मनाई आहे. नोंदच नसेल तर मनाईची अट पुरी होत नाही, आणि न मोजलेले पॅलेट यंत्राच्या लेखी बिनधोक ठरते. म्हणून असा नियम मनाईच्या साच्यात न लिहिता परवानगीच्या साच्यात लिहावा :

प्रत्येक पॅलेटबाबत : जर भरणे सुरू होण्यापूर्वीच्या ३० मिनिटांत त्या पॅलेटचे गर-तापमान नोंदले गेले असेल आणि ते गर-तापमान २ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असेल, तरच ते पॅलेट कंटेनरमध्ये भरण्यास परवानगी आहे.

हा एक ‘तरच’ माझ्या मते सबंध पद्धतीचा खर्च भरून काढतो.

आता उरलेल्या दोन ओळी. ‘आधी आलेली’ म्हणजे गेटवर आधी नोंद झालेली की डॉकला आधी लागलेली, हे ठरवून घ्या. ‘ती आधी सोडावी’ यातील ‘ती’ सर्वनाम आहे आणि नियंत्रित भाषेत सर्वनामांना सहसा बंदी असते. कोणती गाडी, हे नाम पुन्हा लिहून सांगावे लागते. शिवाय या दोन ओळी एकमेकींच्या विरुद्ध जाऊ शकतात, कारण उशिरा आलेल्या गाडीचा कटऑफ लवकरचा असू शकतो. नियोजनात येथे बंधन आणि पसंती असा भेद करतात. बंधन मोडणारी योजना ग्राह्यच नसते. पसंती मोडता येते, पण त्याची किंमत योजनेच्या हिशेबात धरली जाते.

प्रत्येक कंटेनरबाबत : त्या कंटेनरची बंदराच्या गेटवरील नोंद त्या कंटेनरच्या कटऑफच्या किमान ६ तास आधी होणे बंधनकारक आहे.

कंटेनर क आणि कंटेनर ख यांबाबत : जर पॅकहाऊसच्या गेटवर क ची नोंद ख च्या नोंदीच्या आधी झाली असेल, तर क चे भरणे ख च्या भरण्याआधी सुरू होणे पसंत आहे. उल्लंघनाचे मोल १० आहे.

फळ्यावरची तिसरी ओळ येथे कोठेच दिसत नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. ती खरे पाहता नियम नव्हतीच. कटऑफ चुकू नये म्हणून सुपरवायझर वापरत असलेली ती युक्ती होती. कटऑफचे बंधन स्वतंत्रपणे लिहिल्यावर कोणती गाडी आधी भरायची हे शोधणे सॉफ्टवेअरचे काम झाले. फळ्यावरचे नियम उतरवताना निम्म्या ओळी अशा युक्त्या निघतात, आणि त्या बंधन म्हणून घातल्या तर यंत्राचे हात उगाच बांधले जातात. युक्त्या लिहून जरूर ठेवा, फक्त नियमांच्या यादीत नकोत.

प्रश्न : मी पुण्यात सॉफ्टवेअर अभियंता आहे. हा प्रयोग नवा आहे की याला काही पूर्वपरंपरा आहे?

उत्तर : परंपरा जुनी आणि भरपूर आहे. २०१४ साली टोबियास कुन यांनी प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात केवळ इंग्रजीवर आधारलेल्या १०० नियंत्रित भाषांची नोंद आहे. यांचे ढोबळमानाने दोन वंश आहेत. एका वंशाचा हेतू माणसामाणसांतील घोटाळा टाळणे हा आहे. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिका ज्या ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’मध्ये लिहितात, तीत कृतीच्या सूचनेचे वाक्य २० शब्दांपेक्षा लांब असू नये आणि वर्णनाचे २५ पेक्षा, असा दंडक आहे. इंग्रजी ही ज्याची मातृभाषा नाही अशा तंत्रज्ञालाही ती पुस्तिका बिनचूक कळावी, हा उद्देश; संगणक तेथे मुख्य वाचक नाही.

दुसऱ्या वंशात संगणक हाच मुख्य वाचक आहे. झुरिक विद्यापीठात १९९५ पासून विकसित झालेली ‘अटेम्प्टो’ ही त्यातील सर्वांत परिचित. तिची वाक्ये दिसायला साधी इंग्रजी असतात आणि त्यांचे आपोआप तर्कशास्त्रीय सूत्रांत रूपांतर होते. ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठात रोल्फ श्विटर यांनी ‘पेंग’ या भाषेसाठी असा संपादक केला की लिहिणाऱ्याने एक शब्द लिहिला की पुढे कोणते शब्द चालतील ते तो दाखवतो. व्याकरण पाठ करण्याची जबाबदारी त्यामुळे लेखकावर राहत नाही. पुरवठ्याच्या आणि लष्करी नियोजनाच्या जवळ जाणारे उदाहरण म्हणजे अमेरिकी लष्कराची संशोधन प्रयोगशाळा व ब्रिटनचे संरक्षण मंत्रालय यांनी २००६ मध्ये सुरू केलेला संयुक्त संशोधन कार्यक्रम. त्यात आयबीएमच्या संशोधकांनी ‘कंट्रोल्ड इंग्लिश’ घडवली. यंत्राने काढलेल्या प्रत्येक निष्कर्षाबरोबर ‘कारण की’ असे म्हणून तो कोणत्या विधानांवरून निघाला तेही त्याच भाषेत लिहिता येते. ‘ही गाडी आज का लागली नाही?’ या प्रश्नाला उत्तर देता येणे नियोजनात किती मोलाचे आहे, हे ज्यांनी डिस्पॅचच्या टेबलावर बसून फोन घेतले आहेत त्यांना सांगायला नको.

वाहतूक क्षेत्रातल्या माणसाने मात्र माझ्या मते आधी वाचावे ते ‘एसबीव्हीआर’ हे व्यवसायातील संज्ञा व नियम लिहिण्याचे मानक. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने ते २००८ साली प्रसिद्ध केले. त्यातील सर्व तपशील पचवण्याची गरज नाही. नियमांचे दोन प्रकार तेवढे घ्यावेत. ‘प्रत्येक कंटेनरला नेमका एक कटऑफ असतो’ हा व्याख्येतून येणारा नियम आहे, तो मोडताच येत नाही; मोडल्यासारखा दिसला तर नोंद चुकली आहे. ‘प्रत्येक ट्रकवरील माल ताडपत्रीने झाकलेला असणे बंधनकारक आहे’ हा वागणुकीचा नियम आहे. तो माणूस मोडू शकतो, म्हणून मोडल्यास काय करायचे तेही लिहावे लागते. पुष्कळ संगणकप्रणाल्या या दोहोंना एकाच रांगेत बसवतात आणि मग चुकीच्या नोंदीवर ड्रायव्हरला दंड लागतो.

प्रश्न : माझ्या चार गाड्या आहेत, सांगली–मुंबई भाडे करतो. मलाही हे करावे लागेल का?

उत्तर : नाही. चार गाड्यांचे नियम आपल्या आणि आपल्या ड्रायव्हरांच्या तोंडी पाठ असतात आणि शंका आली तर फोन लागतो. नियम लिहिणारा, पाळणारा आणि त्यावर योजना आखणारा ही तीन वेगळी माणसे झाली, म्हणजे या पद्धतीचा विचार करावा.

प्रश्न : वरील सर्व भाषा इंग्रजीच्या आहेत. मराठीत अशी भाषा घडवता येईल का? आपली वाक्यरचना सैल आहे आणि प्रत्ययांचा पसारा मोठा, अशी शंका वाटते. (भाषाशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : प्रत्ययांचा पसारा ही अडचण खरी आहे, पण ती सोडवता येण्याजोगी आहे. ‘घोडा’चे ‘घोड्याला’, ‘रस्ता’चे ‘रस्त्यावर’ होते, तर ‘ट्रक’चे थेट ‘ट्रकमध्ये’. कोशातील प्रत्येक नामाबरोबर त्याचे लिंग, अनेकवचन आणि सामान्यरूप नोंदवले की यंत्र पुढची रूपे स्वतः करते. नियमांच्या कोशात शब्द असून असून किती असणार? स्वीडनमधील गोथेनबर्गचे आर्ने रांता यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रामॅटिकल फ्रेमवर्क’मध्ये यासाठी सोय आहे. तेथे नियमाचा अर्थ एकदाच, कोणत्याही भाषेपासून अलग असा मांडतात आणि प्रत्येक भाषेचे व्याकरण त्या अर्थाला वाक्याचे रूप देते. हिंदी, पंजाबी, नेपाळी या भाषांची व्याकरणे त्याच्या संग्रहात आहेत. महाराष्ट्रात याचा उपयोग उघड आहे : सुपरवायझर नियम मराठीत वाचील, उत्तर प्रदेशातून आलेला ड्रायव्हर हिंदीत आणि शिपिंग लाइनचा माणूस इंग्रजीत, आणि तिघांच्या हाती नियम एकच असेल.

खरी अवघड जागा प्रत्ययांत नाही, ती नकार आणि ‘सर्व’ यांच्या संगतीत आहे. ‘सर्व गाड्या रात्री घाटातून जात नाहीत’ या वाक्याचा अर्थ काय? एकही जात नाही, की काही जातात आणि काही नाहीत? बोलताना आपण सुरावरून ओळखतो. कागदावर सूर नसतो. म्हणून मराठी नियंत्रित भाषेत ‘सर्व’ आणि नकार एका वाक्यात येऊच देऊ नयेत. पहिल्या अर्थासाठी ‘प्रत्येक गाडीला रात्री घाटातून जाण्यास मनाई आहे’ हा साचा असावा, दुसऱ्यासाठी ‘किमान एका गाडीला’ हा.

‘च’ आणि ‘ही’ ही दोन चिमुकली शब्दयोगी अव्यये अशीच घातक आहेत. ‘नाशिकच्या गाड्याच सकाळी भराव्यात’ याने इतर गाड्यांना सकाळ बंद होते. ‘नाशिकच्या गाड्या सकाळीच भराव्यात’ याने नाशिकच्या गाड्यांना दुपार बंद होते. ‘च’ एका शब्दावरून दुसऱ्यावर सरकला आणि बंदी एका गाडीवरून दुसरीवर गेली. घाईत टंकलिखित करणारा कारकून हा फरक पाहील याची खात्री नाही. त्यामुळे ‘च’ पूर्णपणे वगळून ‘फक्त’ वापरावा आणि तो ज्या शब्दाला लागू त्याच्या लगेच आधी असावा, असा नियम करावा. ‘तरच’ एवढा अपवाद ठेवावा, कारण तो शब्द म्हणून कोशात स्वतंत्रपणे नोंदवता येतो.

क्रियापदाच्या ‘-वे’ रूपाचेही तसेच. ‘गाडी झाकावी’ ही आज्ञा, सल्ला की नुसती अपेक्षा, हे सांगणाऱ्याच्या अधिकारावर अवलंबून असते. ‘बंधनकारक आहे’, ‘मनाई आहे’, ‘परवानगी आहे’, ‘पसंत आहे’ या चार शेवटांपलीकडे वागणुकीच्या नियमाचे वाक्य कशानेही संपू नये. ‘शक्यतो’, ‘साधारण’, ‘लगेच’, ‘वेळेत’ यांना कोशातून हद्दपार करावे. असे नियम वाचायला रुक्ष होतात हे मान्य. ते ललित लेखन म्हणून वाचले जाणार नाहीत.

वेळेच्या बाबतीत मात्र भाषेपेक्षा रिवाज त्रास देतो. ‘मंगळवारी रात्री १ वाजता गाडी लावा’ असे कोणी सांगितले, तर गोदामातील प्रत्येक जण मंगळवार मावळल्यानंतरचा १ समजतो. संगणकाच्या घड्याळात तो बुधवार असतो, आणि बंदराच्या गेटची वेळ किंवा ग्राहकाच्या गोदामातील स्लॉट संगणकाच्या घड्याळाप्रमाणे दिलेला असतो. ‘मंगळवारी १ वाजता’ असे यंत्राने मुकाट स्वीकारले, तर गाडी चोवीस तास आधी पोहोचावी अशी योजना निघेल. ‘पर्यंत’चे असेच : ‘२० तारखेपर्यंत’ यात २० तारीख धरली की नाही? येथे तारीख आणि २४ तासांचे घड्याळ यांखेरीज काहीही चालू देऊ नये, आणि संपादकाने ‘बुधवार, ०१:००, म्हणजे मंगळवार संपल्यावर १ तासाने’ असा अर्थ लिहिणाऱ्याला उलट वाचून दाखवावा.

प्रश्न : चाकणहून आम्ही वाहनांचे सुटे भाग राज्यात व राज्याबाहेर पाठवतो. आमचे बरेचसे नियम आमचे नसून सरकारचे आहेत : ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली काढावे लागणारे ऑनलाइन बिल), वजन वगैरे. ते या भाषेत कसे लिहावेत? आणि सगळे नियम घातल्यावर योजनाच निघाली नाही तर?

उत्तर : सरकारी नियम उतरवणे अनेकदा सोपे असते, कारण व्याख्येचे काम कायद्याने आधीच केलेले असते. ई-वे बिलाची मुदत घ्या. नेहमीच्या मालासाठी पहिल्या २०० किलोमीटरना एक दिवस, आणि पुढील प्रत्येक २०० किलोमीटरना किंवा त्याच्या भागाला एक जादा दिवस. ‘किंवा त्याच्या भागाला’ हे शब्द असल्यामुळे भागाकार वरच्या पूर्ण संख्येत न्यायचा, यात शंका राहत नाही. ‘एक दिवस’ म्हणजे काय, तेही नियमातच आहे : बिल तयार झाल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री पहिला दिवस संपतो. तेव्हा अंतर ७०० किलोमीटर असेल आणि बिल महिन्याच्या ३ तारखेला निघाले असेल, तर चार दिवस मिळतात आणि मुदत ७ तारखेच्या मध्यरात्री संपते. आपल्या नियोजकाने हेच वाक्य असे ठेवावे :

प्रत्येक ई-वे बिलाबाबत : जर त्या बिलावरील माल अवाढव्य मालाच्या प्रकारातील नसेल आणि वाहतुकीचा कोणताही टप्पा जहाजाने होणार नसेल, तर त्या बिलाचे वैध दिवस म्हणजे त्या बिलावरील अंतर भागिले २०० किलोमीटर, वरच्या पूर्ण संख्येत. आधार : केंद्रीय जीएसटी नियम १३८(१०). लागू : १ जानेवारी २०२१ पासून.

शेवटच्या दोन नोंदी शोभेच्या नाहीत. १ जानेवारी २०२१ पूर्वी हाच आकडा १०० किलोमीटर होता. ज्या संस्थांनी तो प्रोग्रामच्या पोटात लिहून ठेवला होता, त्यांना तो शोधून काढावा लागला. ज्यांच्याकडे तो नियमाच्या वाक्यात होता, त्यांनी नवे वाक्य लिहिले आणि जुन्याला शेवटची तारीख घातली. बिल कोणत्या रकमेपासून लागते, त्याचेही तसेच : सर्वसाधारण मर्यादा ५०,००० रुपयांची असली तरी महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीला ती १ लाख रुपयांची आहे, म्हणून ‘वाहतूक राज्यांतर्गत आहे’ ही संज्ञा कोशात लागते.

वजनाबाबत मी आकडा नियमात लिहूच नये असे म्हणेन. दोन आसांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा २०१८ मध्ये १६.२ टनांवरून १८.५ टन झाली. पण आपल्या एखाद्या विशिष्ट गाडीला काय लागू आहे ते तिच्या आरसीवर असते. म्हणून ‘प्रत्येक फेरीबाबत : ट्रकचे रिकामे वजन अधिक मालाचे वजन हे त्या ट्रकच्या आरसीवरील एकूण वजनापेक्षा जास्त असण्यास मनाई आहे’ असे लिहावे आणि आकडा गाडीच्या नोंदीतून येऊ द्यावा. हे बंधनच असले पाहिजे, कधीही पसंती नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, आणि एखादा हुशार नियोजक हा दंड ‘उल्लंघनाचे मोल’ म्हणून हिशेबात घालून भाड्याशी तुलना करू लागतो. यंत्राला तसे सांगितले तर ते निमूटपणे जादा भार काढून देईल. कायदा मोडण्याचा दर यंत्राला कळवायचा नसतो.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. सगळी बंधने एकदम पाळणारी योजना अस्तित्वातच नसणे, हे नित्याचे आहे. अशा वेळी सोडवणूक करणाऱ्या प्रणाल्या बंधनांचा असा छोटा गट शोधून देऊ शकतात की त्यातील कोणतेही एक काढले तरी त्या गटापुरता पेच सुटतो. गणिती रूपात तो गट म्हणजे अनाकलनीय समीकरणांची चळत असते. तोच गट नियमांच्या मूळ वाक्यांत छापला, की डिस्पॅचच्या माणसासमोर ‘ग्राहकाचा स्लॉट ०९:०० ते ११:००’, ‘शहरात जड वाहनांना सकाळी मनाई’ आणि ‘या मालाला फक्त मोठी गाडी’ अशी तीन वाक्ये येतात. मग तो फोन उचलतो आणि ग्राहकाकडे दुपारचा स्लॉट मागतो. नियम वाचता येईल अशा भाषेत असण्याचा सर्वांत रोकडा फायदा मला येथे दिसतो, आणि तो विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात क्वचितच लिहिलेला असतो.

प्रश्न : आता मोठी भाषा-प्रारूपे (चॅटजीपीटीसारख्या प्रणालींमागची ‘लँग्वेज मॉडेल्स’) साधी बोलीभाषाही समजतात. मग माणसाने स्वतःला साच्यांत का कोंबायचे? सुपरवायझरने बोलावे आणि यंत्राने समजून घ्यावे, एवढे पुरे नाही का? (लॉजिस्टिक्स कंपनीतील अधिकारी, भिवंडी)

उत्तर : बोलण्यापुरते पुरे आहे आणि त्याचा उपयोग जरूर करावा. सुपरवायझरने ‘गरम माल भरू नये’ म्हटल्यावर भाषा-प्रारूपाने त्याचे नियंत्रित भाषेतील वाक्य तयार करणे, आणि दोन अर्थ संभवत असतील तर दोन्ही वाक्ये समोर ठेवणे, हे काम ते चांगले करते. साचे पाठ करण्याचा कंटाळा त्यामुळे जवळजवळ संपला आहे. वीस वर्षांपूर्वी ही पद्धत गोदामापर्यंत पोहोचली नाही याचे एक मोठे कारण तोच कंटाळा होता.

पण प्रारूपाने ‘समजून घेतलेला’ अर्थ कोठे असतो? तो कोणाला दिसत नाही. तीच ओळ उद्या जरा वेगळ्या शब्दांत सांगितली, किंवा प्रारूपाची नवी आवृत्ती आली, तर अर्थ बदललेला असू शकतो आणि तो बदलला हे योजना फसेपर्यंत कळत नाही. पॅलेटचे उदाहरण पुन्हा घ्या : प्रारूपाने ‘माल’ म्हणजे ‘पॅलेट’ धरले आणि सुपरवायझरच्या मनात ‘खेप’ होती, तर दोघांनाही आपण एकमेकांना समजलो असेच वाटेल. नियंत्रित वाक्य मध्ये असले, तर सुपरवायझर ते वाचतो आणि म्हणतो, ‘नाही, एक पॅलेट कोमट असले तर मी अख्खा कंटेनर थांबवतो.’ हा नकार देण्याची सोय जपायची आहे. वाक्याचे सूत्रात रूपांतर पुढे ठरावीक व्याकरणाने होते, तेथे अंदाजाला वाव नसतो. आज आणि सहा महिन्यांनी त्याच वाक्यातून तेच सूत्र निघते.

म्हणून आपल्या कंपनीत कामाची वाटणी अशी ठेवता येईल. बोलण्यावरून वाक्य सुचवायचे काम प्रारूपाचे. वाक्य वाचून ‘हेच म्हणायचे होते’ असे सही करून सांगायचे काम ज्याचा नियम आहे त्याचे, मग तो डॉक-सुपरवायझर असो की हिशेब विभागाचा प्रमुख. वाक्यातून सूत्र काढणे आणि त्यावर योजना आखणे हे यंत्राचे. मधल्या सहीसाठी प्रत्येक नियमाला पाच-सात मिनिटे लागतात, म्हणून ती गाळण्याचा मोह पहिल्याच आठवड्यात होतो. निदान बंधनांच्या बाबतीत ती गाळू नये. पसंतीच्या नियमांत चूक झाली तर योजना थोडी महाग पडेल, एवढेच.